घरचा फोन आणि कंपनीचा बोर्ड

सांगलीत पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी सात वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. कारखाना शहराबाहेर, औद्योगिक वसाहतीत. गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला काचेची खोली होती. तीत टेबल, टेबलावर बोर्ड आणि बोर्डापुढं मी. बाहेरच्या चार लाइनी आणि आत चाळीस एक्स्टेन्शन. बाहेरून आलेला प्रत्येक फोन आधी माझ्या कानात यायचा आणि मग ज्याचा त्याला जायचा.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी रुजू झाले त्याच महिन्यात जुना, दोऱ्या खोचायचा बोर्ड काढून नवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवला होता. मला त्याची धास्तीच वाटायची. बारके लाल दिवे लुकलुकायचे. कुठला दिवा नवा फोन आल्याचा, कुठला थांबवून ठेवलेल्या माणसाचा आणि कुठला दोघांचं बोलणं चालू असल्याचा, हे अंगवळणी पडायला पंधरा दिवस गेले. थांबवलेल्या माणसाच्या कानात बोर्ड आपण होऊन एक बारीक धून वाजवायचा. शिराळ्याकडचे एक गिऱ्हाईक एकदा मला म्हणाले, "बाई, साहेब ऱ्हाऊ द्या. त्ये पिपाणीचंच जरा येळ वाजू द्या. ग्वाड हाय." मी हसू दाबून त्यांना आणखी मिनिटभर थांबवून ठेवलं.

मी मूळची साताऱ्याची. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तार ऑफिसातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं त्यांनी कट्ट कडकट्ट करत लोकांच्या तारा घेतल्या आणि पाठवल्या. गावातलं कुणाचं मरण, कुणाची नोकरी, कुणाच्या घरी मुलगा झाल्याचा आनंद, सगळं आधी त्यांना कळायचं. पण घरी येऊन त्यातला एक शब्द त्यांनी कधी काढला नाही. आई सांगायची, "शेजारच्या घरातली मयत ह्यांना त्या घराच्या आधी ठाऊक असायची. पण जेवताना चेहरा हलला तर शपथ."

मला सांगलीची नोकरी लागली तेव्हा नात्यातल्यांनी नाकं मुरडली. मुलगी एकटी परगावी राहणार, तेही नोकरदार बायकांच्या वसतिगृहात. अण्णा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. निघायच्या दिवशी माझी ट्रंक स्टँडवर घेऊन आले आणि गाडी हलताना खिडकीशी येऊन एवढंच बोलले, "दुसऱ्याचं बोलणं कानावर पडेल. पडू दे. पण कान लावायचा नाही."

त्यांचं माझ्याशी बोलणं असंच असायचं. तारेत शब्द मोजून लिहायची सवय हाडात मुरलेली. मला त्याचं काही वाटत नसे, पण एकदा वाटलं.

त्याचं असं झालं. कराडचं एक स्थळ मला बघायला आलं होतं. मी रजा घेऊन साताऱ्याला आले होते. पोह्यांच्या बशा फिरल्या, जुजबी प्रश्न झाले आणि मुलाचे मामा मला म्हणाले, "दिवसभर परक्या पुरुषांशी बोलायचं काम म्हणजे. आवाज गोड ठेवायला लागत असेल, नाही का?" आणि हसले. त्यांच्याबरोबरचे सगळे हसले. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. मी रिकाम्या बशा उचलल्या आणि आत गेले. स्थळ जमलं नाही, जमायचंही नव्हतं. पण अण्णा गप्प बसले हे माझ्या मनात काट्यासारखं रुतून राहिलं. त्यानंतर मी सुटीत घरी गेले तरी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. ते तर आधीपासूनच कामापुरतं बोलणारे. त्यामुळं आमच्यात काही बिघडलंय हे आईखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच सुमारास साताऱ्याच्या घरी फोन आला. अण्णांनी बरीच वर्षं आधी नाव नोंदवलं होतं. काळा, जड, आकडे फिरवायचा फोन. बाहेरच्या खोलीत एका उंच स्टुलावर त्यांनी तो बसवला. आईनं क्रोशाचा रुमाल विणून त्याच्यावर घातला. मी दर रविवारी सकाळी वसतिगृहाजवळच्या एसटीडी बूथवरून घरी फोन करायची. अण्णांनी उचलला तर, "बरी आहेस? बरं. जेवण मिळतं ना? बरं. आईला देतो." संपलं.

पण बऱ्याचदा फोन वाजून वाजून बंद पडायचा. आईचे गुडघे दुखायला लागले होते. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत ती पोचेपर्यंत घंटी थांबलेली असायची. मग मी पुन्हा लावायची आणि ती धापा टाकत म्हणायची, "अगं, आले की. जरा दम धर."

आमच्या कारखान्यात एक इलेक्ट्रिशियन होता. मोटारी बघायचा आणि माझा बोर्डही बघायचा. जतच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावातला. घरची मेंढरं होती. वाडवडील मेंढरांमागं हिंडणारे आणि आता थोडी ज्वारीही करणारे. त्या घरातला शाळा पुरी करून आयटीआयला आलेला हा पहिला. पावसाळ्यात बोर्डाच्या पेटीत मुंग्या व्हायच्या, लाइनी खरखरायच्या. मग हा प्रत्येक खात्यात जाऊन तिथल्या फोनवरून मला विचारत सुटायचा, "हॅलो मॅडम, स्टोअरमधनं बोलतोय. ऐकू येतंय का?" "येतंय." "फाउंड्रीतनं बोलतोय. आता?" "येतंय." "आन आता?" "आता कुठून?" "आता हितनंच, तुमच्या काचंच्या मागनं." मी वळून बघायची तर हा दाराबाहेरच्या फोनवर उभा.

एकदा सकाळीच एका व्यापाऱ्यानं फोनवर मला नाही नाही ते ऐकवलं. माल उशिरा पोचल्याचा राग, दुसरं काही नाही. मी शांतपणे "साहेबांना जोडते" म्हटलं, जोडलं, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. समोर तीन दिवे लुकलुकत होते. तेवढ्यात आतला फोन वाजला. इलेक्ट्रिकल खात्यातून हाच बोलत होता. काचेतून जाताना त्यानं पाहिलं असणार. म्हणाला, "दोन मिन्टं बोर्ड मी बगतो. तुमी तोंड धुऊन या." तो आला, माझ्या खुर्चीवर बसला, आणि मी नळाशी जाऊन येईपर्यंत त्यानं चार फोन इकडचे तिकडे जोडून टाकले होते. त्यातले दोन चुकीचे. पुढं दिवसभर ते निस्तरता निस्तरता मी मनातल्या मनात हसत होते.

असं हळूहळू होत गेलं. कारखान्याच्या कामासाठी त्याला साताऱ्याला जायचं होतं तेव्हा मी त्याला सहज म्हटलं, "आमच्या घरी स्वयंपाकघरात एक फोन जोडून द्याल का? आईला बाहेर यायला त्रास होतो." त्यानं जाऊन जोडून दिला. बाहेरच्या खोलीतून दाराच्या चौकटीवरून वायर ओढली आणि फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी, एक हलका लाल फोन ठेवला. आईनं त्याला पोहे दिले. अण्णा त्या दिवशी पेन्शनच्या कामाला गेले होते.

आईला त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं होतं. आईनं मला नंतर त्याची नक्कल करून दाखवली. "आई, ह्यो काय कंपनीसारखा न्हाई बरं का. तिकडं एकाचं बोलणं एकालाच. हितं लाइन एकच हाय. भायेर कुणी बोलत असंल आन तुमी हितनं उचलला, तर समदं ऐकू येतंय." मग ती म्हणाली, "गुणाचा मुलगा आहे गं. बशी विसळून ठेवली." तिच्या आवाजावरून मला वाटलं, तिला थोडं कळलंय.

पुढं सहा महिन्यांनी त्यानं मला लग्नाचं विचारलं. तेही कसं, तर सरळ. जेवणाच्या सुटीत बोर्डापाशी उभा राहून म्हणाला, "माझ्या घरी मेंढरं हायती. पाण्याला टँकरची वाट बगावी लागती. अव्वाला मराठी निम्मंच येतंय, निम्मं कानडी. लपवाय काय न्हाई. ह्ये समदं बगून सांगा. घाई न्हाई."

त्यांच्याकडं आईला अव्वा म्हणायचे. मी त्या रात्री काहीच ठरवलं नाही, कारण ठरवायला काही उरलंच नव्हतं. प्रश्न घरी सांगायचा होता. मुलगा आमच्या जातीतला नव्हता. आईला सांगता आलं असतं. अण्णांना कसं सांगायचं ते कळत नव्हतं.

एका रविवारी सकाळी मी बूथमध्ये गेले, काचेचं दार ओढून घेतलं आणि फोन लावला. आईनं बाहेरच्या खोलीतला उचलला. मी आधी विचारलं, "अण्णा कुठंयत?"

"फिरायला गेलेत, चार भिंतीच्या टेकडीपर्यंत. का गं?"

"तुला एक सांगायचंय."

"थांब, खुर्ची ओढून घेते." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हं. त्या फोन बसवणाऱ्याबद्दल आहे ना?"

मला हसूही आलं आणि रडूही. मी सांगायला लागले. तो कोण, कुठला, घरी काय आहे, काय नाही. आई मध्ये मध्ये हं हं करत होती. आणि बोलता बोलता आईचं हं एकदम लांब गेलं.

बाहेरच्या माणसाला हे कळलं नसतं. पण मी रोज आठ तास फोन कानाला लावून बसणारी बाई. घरच्या लाइनवर दुसरा फोन उचलला की आवाज किंचित उतरतो. एक बारीक टक् ऐकू येतं आणि मग बोलणं जरा खोलातून यायला लागतं. शिवाय मागं आता दुसऱ्याच खोलीचा आवाज येत होता. आमच्या स्वयंपाकघरातला नळ नीट बंद व्हायचा नाही. खालच्या बादलीत थेंब पडत होते. टप. टप.

अण्णा मागच्या दारानं घरात आले असणार. कुणाला तरी फोन लावायचा म्हणून त्यांनी हाताशी होता तो उचलला असणार. लाइनवर आधीच आई बोलतेय हे त्यांना कळलं असणार. आता ते ठेवून देतील म्हणून मी वाट पाहिली. टक् झालं नाही. थेंब पडतच होते.

मला गप्प बसता आलं असतं. "आई, मग करते फोन" म्हणता आलं असतं. मी फोनची दोरी बोटाला गुंडाळली आणि बोलत राहिले.

"आई, मला अण्णांना हे तोंडावर सांगता येणार नाही. ते रागावतील म्हणून नाही. रागावले तर मी ऐकून घेईन. ते काहीच बोलणार नाहीत, याची मला भीती वाटते."

"अगं, त्यांचा स्वभाव..."

"मला माहीत आहे. पण कराडची माणसं आली होती त्या दिवशी माझ्या बाजूनं त्यांनी बोलायला हवं होतं. एक वाक्य. 'माझी मुलगी चांगलं काम करते' एवढंच. ज्या कामाला मी बसते ते मी त्यांच्याकडे बघून शिकले. लहानपणी तार ऑफिसच्या खिडकीबाहेर उभी राहून मी त्यांना बघायची. लोक रडत यायचे, ओरडत यायचे, आणि अण्णा शांतपणे त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचे. मी तेच करते, आई. मला त्याची लाज वाटत नाही. त्यांना वाटते का, ते मला कळत नाही."

आई रडत होती. खोलातून, लांबून, तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं. दुसऱ्या खोलीतून थेंबांखेरीज काही येत नव्हतं. मग मी म्हटलं, "ह्या मुलाला त्या कामाचा अभिमान आहे. बाकीचं आमचं आम्ही बघू. पण अण्णांना दुखवून मला काही करायचं नाही. एवढंच सांगायचं होतं."

मी आधी फोन ठेवला नाही. आईनं ठेवला. मग क्षणभर लाइनवर फक्त नळ आणि एक श्वास. आणि मग टक्.

पुढचे तीन रविवार अण्णा फोनवर आले नाहीत. आई म्हणायची, "बाहेर गेलेत." मी विचारायची, "काही म्हणाले?" "काही नाही गं. तू सांगितलंस ते मी त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, 'मला ठाऊक आहे,' आणि उठून बागेत गेले. त्यांना कसं ठाऊक, देव जाणे. जेवतात, फिरायला जातात, रेडिओ ऐकतात." त्या तीन आठवड्यांत मी बोर्डावर इतक्या चुका केल्या की मोठ्या साहेबांनी मला बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो बिचारा काही विचारायचा नाही. फक्त दुपारी काचेजवळून जाताना माझ्याकडे बघून जायचा.

चौथ्या आठवड्यात, बुधवारी, जेवणाच्या सुटीआधी गेटवरच्या पहारेकऱ्याचा आतला फोन आला. "ताई, तुमचं वडील आल्यात. हातात पिशवी हाय. सोडू का आत?"

अण्णा आले. पांढरा सदरा, धोतर, काखेत छत्री आणि हातात पिशवी. पिशवीत कंदी पेढ्यांचा पुडा. काचेच्या दारात उभं राहून त्यांनी आधी माझी खोली नीट बघून घेतली. मी त्यांना शेजारची खुर्ची दिली. जेवणाची वेळ, फोन तुरळक होते.

"हा तुझा बोर्ड," ते म्हणाले.

"हो."

"हे दिवे कसले?"

मी त्यांना एकेक सांगत गेले. थांबवलेला माणूस, चालू असलेलं बोलणं, बाहेरच्या लाइनी. ते पुढं वाकून, चष्मा वर करून बघत होते. नव्या यंत्रापुढं बसलेल्या जुन्या कारागिरासारखे त्यांचे डोळे झाले होते. मध्येच एक फोन आला. "साहेब जेवायला गेलेत, अडीच वाजता करा हं, मी निरोप ठेवते," असं मी बोलले आणि निरोपाच्या वहीत लिहिलं. अण्णांनी माझं अक्षर वाकून वाचलं.

मग त्यांनी विचारलं, "दोघं बोलत असताना तिसऱ्यानं उचललं तर?"

"उचलताच येत नाही, अण्णा. ज्याची त्याची वाट वेगळी. फक्त मला, ही कळ दाबली तर, मध्ये शिरता येतं. पण शिरले की दोघांच्याही कानात टूं टूं वाजतं. कुणी आलंय हे त्यांना समजतं."

"लगेच?"

"लगेच."

"चांगलं केलंय," ते म्हणाले. थोडा वेळ पिशवीचे बंद चाचपत बसले. "आपल्या घरच्याला तसं काही नाही."

"नाही."

"त्या रविवारी मी स्वयंपाकघरातला उचलला होता. तुमचं बोलणं ऐकलं. सगळं."

इतकं सरळ ते बोलतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांचा चेहरा शाळेत चूक कबूल करायला उभ्या केलेल्या मुलासारखा झाला होता.

"मला माहीत होतं, अण्णा."

"आईनं सांगितलं? पण तिला तर..."

"आईला माहीत नाही. आवाज उतरला. दुसरा फोन उचलला की उतरतो. दिवसभर तेच तर ऐकते मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग बोलत कशी राहिलीस?"

"तुम्हालाच सांगायचं होतं."

खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. बाहेर फाउंड्रीकडून माणसं डबे विसळून परत चालली होती.

"पस्तीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं," अण्णा म्हणाले. "ठेवून द्यायला पाहिजे होता. हातच हलला नाही. आणि तू ते कराडचं काढलंस." ते थांबले. "त्या दिवशी मी गप्प बसलो ते चुकलं माझं. लाज नव्हती वाटत मला. कधीच नाही. त्या माणसाला काय बोलावं ते वेळेवर सुचलं नाही, आणि नंतर सुचलं ते तुला सांगायचं कसं ते सुचलं नाही."

अण्णांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

जरा वेळानं ते म्हणाले, "त्याचा आतला नंबर काय?"

"चौतीस. बोलावू त्याला? इथंच आहे."

"नको. समोरासमोर मला बोलायला जमत नाही, तुला ठाऊक आहे. जोडून दे."

काचेच्या बाहेर, पाहुण्यांच्या बाकाशेजारी एक फोन होता. अण्णा तिथं जाऊन उभे राहिले. मी चौतीस लावला आणि म्हटलं, "अण्णा आलेत. तुमच्याशी बोलायचं म्हणतात."

"आत्ता?" त्याचा आवाज फाटला. "ईं, थांबा, हात पुसतो." हात पुसल्यानं फोनवर काय फरक पडणार होता कोण जाणे. मी जोडून दिलं.

बोर्डावर दिवा लागला. काचेपलीकडे अण्णा ताठ उभे, फोन दोन्ही हातांनी धरलेला. ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. मध्ये शिरायची कळ माझ्या बोटाखालीच होती. मी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि बसले. आणखी दोन फोन आले, ते मी कसेबसे जोडले. घड्याळाकडे बघत होते म्हणून सांगते, अकरा मिनिटं तो दिवा चालू होता. मध्ये एकदा अण्णा हसले. मोठ्यानं. काचेतूनही ऐकू आलं.

काय बोलणं झालं ते अण्णांनी मला कधी सांगितलं नाही. त्यानं सांगितलं, पण लग्नानंतर. अण्णांनी त्याला आधी त्याच्या आईची तब्येत विचारली. मग गावात टँकर किती दिवसांनी येतो ते विचारलं. मग म्हणाले, "माझी मुलगी दिवसभर फोनवर बोलते. तुमच्या घरी, गावात, कुणी काही म्हटलं तर?" आणि हा गडबडून आपल्या गावच्या बोलीतच बोलून गेला, "आवं काका, म्या आदी तिचा आवाजच ऐकला. मानूस मागनं बगितलं. कोन काय म्हनतंय बगू की." त्यावर अण्णा हसले होते.

महिन्याभरानं अण्णा आणि मी त्याच्याबरोबर त्याच्या गावाला गेलो. आईला गुडघ्यांमुळे तेवढा प्रवास झेपला नसता. तीन गाड्या बदलल्या. शेवटचं अंतर चालत. त्याची आई अंगणात घोंगडी टाकून बसली होती. उंच, काळीसावळी, कपाळाला मोठं कुंकू. "बर्री, बर्री," म्हणजे या, या, म्हणत तिनं अण्णांना घोंगडीवर बसवलं आणि माझा हात धरून मला आपल्या शेजारी ओढलं.

"तुमी तारंचं काम करत हुता म्हनं," ती अण्णांना म्हणाली. "कुंपनाच्या?"

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी समोरच्या पितळी तांब्यावर बोटानं कट्ट कडकट्ट वाजवून दाखवलं आणि समजावून सांगितलं की असं इकडं वाजवलं की तिकडं मुंबईला कळायचं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आमी बी डोंगरावनं शीळ घालतो. पल्याडच्या डोंगरावरल्याला समजतंय, मेंढरू हुकलंय का पाऊस येतोय." अण्णांनी तिला शीळ वाजवून दाखवायला लावली. तिनं दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घातली की मेंढवाड्यातली कोकरं ओरडायला लागली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून लाजत होता.

निघताना तिनं अण्णांना सरळ विचारलं, "पोर शेरातली. ऱ्हाईल का आमच्यात?"

अण्णांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. पण माझी मुलगी जे बोलते ते खरं बोलते. पटलं नाही तर तोंडावर सांगेल. तुम्हीही तिला तोंडावर सांगा."

"ह्ये बेस," ती म्हणाली.

लग्न सांगलीतच झालं, थोडक्या माणसांत. काही नातेवाईक आले नाहीत. कराडकडच्या एका काकूंनी आईशी वर्षभर बोलणं टाकलं. आईला त्याचं वाईट वाटलं, पण तिनं ते अण्णांना कळू दिलं नाही आणि मला तर मुळीच नाही. सासूबाई लग्नात दोन दिवस राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी मेंढरं सोडून चालणार नाही म्हणून गेल्या. आमच्या दोघींचं पुढं खूप जमलं, काही वेळा खूप भांडणही झालं. तोंडावरच.

आम्ही विश्रामबागेकडं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिथं आमच्याकडं फोन नव्हता. दिवसभर चाळीस फोनांत राहून संध्याकाळी एकही फोन नसलेल्या घरी यायचं, हे मला आवडायचंही. पण आईला काळजी वाटायची. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णा साताऱ्याहून सकाळची गाडी धरून यायचे. आईनं दिलेलं लोणचं, कधी चटणी, कधी बागेतली अळूची पानं घेऊन यायचे. मी स्वयंपाक करीपर्यंत जावयाशी मोटारींबद्दल बोलत बसायचे. मग जेवून संध्याकाळपर्यंत थांबायचे. त्या दिवसांत अण्णा बोलायला लागले. आपल्या लहानपणाबद्दल, पहिल्या बदलीबद्दल, आईला पहिल्यांदा पाहिलं त्या दिवसाबद्दल. मी भाजी निवडत ऐकायची.

दोन वर्षांनी आम्हाला घरी फोन मिळाला. बटणांचा, पांढरा. मी आनंदानं साताऱ्याला पहिला फोन केला. आईला इतका आनंद झाला की ती निम्मं बोलणं विसरली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णा नेहमीसारखे निघाले तेव्हा आईनं म्हणे त्यांना विचारलं, "आता फोन आलाय की त्यांच्याकडे. एवढ्या लांब कशाला जाता? इथूनच बोला."

अण्णांनी पायांत चपला सरकवल्या. "फोनवर तू बोल," म्हणाले. "मी जाऊन येतो." आणि लोणच्याची बरणी सांभाळत स्टँडकडं निघाले.